‘परवडत नाही’ हा निर्णय कोणाचा?

“दुरुस्ती परवडणार नाही, त्यापेक्षा नवीनच घ्या,” हे वाक्य आज शहरातील बहुतेक घरांत केव्हा ना केव्हा उच्चारले जाते, आणि ऐकणारा ते जवळजवळ नेहमीच निमूटपणे मान्य करतो. बाहेर पाऊस पडतो आहे असे कोणी सांगितले तर आपण त्याच्याशी हुज्जत घालीत नाही; तद्वतच ह्या वाक्याशीही घालीत नाही. दोन आकडे समोर ठेवलेले असतात, त्यांची वजाबाकी करता येते, आणि वजाबाकीला नीतीशी काही कर्तव्य नसते अशी आपली समजूत असते. तथापि थोडा विचार केला तर असे दिसून येईल की, पाऊस पडण्याला कोणी कर्ता नसतो; परंतु एखादी वस्तू दुरुस्त करणे परवडू नये, ह्याला कर्ता असतो. ते आकडे कोणी तरी ठरविलेले असतात. मग ‘परवडत नाही’ हे वस्तुस्थितीचे कथन आहे, की आपल्या वतीने दुसऱ्याच कोणी घेतलेला निर्णय आहे? आणि तो निर्णय असेल, तर त्याची जबाबदारी कोणाकडे जाते? ह्या प्रश्नाचा विचार आम्ही येथे सपाट पडद्याच्या टीव्हीच्या उदाहरणाने करू इच्छितो.

आमच्या घरातील टीव्ही साडेपाच वर्षांपूर्वी २७,००० रुपयांना घेतलेला. गेल्या उन्हाळ्यात त्याच्या पडद्याच्या उजव्या बाजूस प्रथम एक, मग तीन आणि आठवड्याभरात बोटभर रुंदीच्या अनेक उभ्या रेघा उमटल्या. आवाज स्वच्छ, रंग पूर्ववत, परंतु चित्राचा तिसरा हिस्सा नाहीसा. कंपनीच्या सेवाकेंद्रातून आलेल्या तरुण तंत्रज्ञाने दहा मिनिटांत निदान केले : पॅनेल गेले. पॅनेलची किंमत, कर आणि मजुरी मिळून २२,४०० रुपये. बदललेल्या पॅनेलची हमी तीन महिन्यांची. आणि भाग मागवून येण्यास तीन आठवडे, तोही उपलब्ध असल्यास. त्याच आकाराचा नवा टीव्ही २६,००० रुपयांस मिळत होता, वर्षाच्या हमीसह. तंत्रज्ञ सौजन्यशील होता. त्याने स्वतःच नवा घेण्याचा सल्ला दिला, आणि घरी येऊन पाहण्याचे शुल्क घेऊन तो पुढच्या घरी गेला.

ह्या प्रसंगी मनात जो संताप उत्पन्न होतो, तो केवळ पैशाचा नसतो. दिल्लीच्या सरकारी वसाहतीत आम्ही दोघे सकाळी नऊला घर सोडतो आणि सायंकाळी सातला परततो. मधल्या वेळात आमची आई घरी एकटी असते. हिंदी तिला समजते. पण त्या भाषेत तिचे मन रमत नाही. दुपारी सह्याद्री वाहिनीवर ऐकू येणारे मराठी हेच तिचे शेजारपण. ज्या वस्तूने एवढे काम करावे तिच्यासंबंधी ‘गेली’ ह्या एका शब्दात निकाल लागावा, आणि त्या निकालावर आपल्याला कोठे दादही मागता येऊ नये, हे मनाला झोंबते. येथे अपमान आहे; परंतु अपमान करणारा मात्र कोठे दिसत नाही.

न्यायाच्या दृष्टीने प्रथम दुसरी बाजू नीट मांडली पाहिजे. सपाट टीव्हीची रचना पाहिली तर तीत ढोबळमानाने चार भाग असतात : वीजपुरवठ्याचा बोर्ड, मुख्य बोर्ड, मागून प्रकाश देणाऱ्या एलईडी दिव्यांच्या पट्ट्या, आणि पुढची काच, म्हणजे पॅनेल. पहिल्या तीन भागांतील बिघाड बहुधा दुरुस्त होण्याजोगे असतात. फुगलेला कपॅसिटर बदलता येतो. आवाज येतो पण पडदा काळाच राहतो, आणि अंधारात विजेरीचा झोत जवळून टाकल्यास पुसट चित्र दिसते, असे झाले तर दोष बहुधा मागच्या दिव्यांचा असतो. हे दिवे माळेसारखे एकामागून एक जोडलेले असल्यामुळे एक विझला की त्याबरोबर सगळी माळ विझते. पट्टी स्वस्त असते. मात्र ती बदलण्यासाठी पुढची नाजूक काच उचलावी लागते, आणि ती तडकली तर मग सारेच संपले.

पॅनेलची गोष्ट निराळी आहे. १९२० गुणिले १०८० बिंदूंच्या पडद्यावर २०,७३,६०० बिंदू असतात, आणि प्रत्येक बिंदूचे लाल, हिरवा व निळा असे तीन भाग. म्हणजे त्या एका काचेवर ६२ लाखांहून अधिक सूक्ष्म ट्रान्झिस्टर घडविलेले असतात. त्यांना आज्ञा पोचविणाऱ्या चिप काचेच्या कडेला पातळ फितींवर चिकटविलेल्या असतात. उष्णतेने, दमटपणाने किंवा ताणाने त्या फितीचा जोड सुटला की उभ्या रेघा दिसू लागतात. सोन्याच्या दागिन्याची कडी सोनार सांधतो तसा हा जोड हाताने सांधता येत नाही. त्यासाठी तापमान व दाब अचूक राखणारे यंत्र लागते. शिवाय ही काच एकसंध घडविली जाते म्हणूनच ती स्वस्त आहे, आणि ती स्वस्त आहे म्हणूनच आमच्यासारख्या कारकुनाच्या घरी एवढा मोठा पडदा आला. जुन्या काचेच्या नळीचे टीव्ही जड होते आणि त्याच आकाराच्या चित्रासाठी वीजही अधिक खात. तेव्हा ‘पूर्वीचे ते सारे चांगले’ असा सूर लावणे अप्रामाणिकपणाचे होईल. उत्पादकाचे म्हणणे असे की, तुम्हाला स्वस्त हवे होते, पातळ हवे होते. ते आम्ही दिले. दुरुस्त करता न येणे ही त्या स्वस्ताईचीच दुसरी बाजू आहे.

हा युक्तिवाद आम्हाला बराचसा मान्य आहे. परंतु तो अर्ध्या वाटेवर थांबतो. पॅनेल दुरुस्त करता येत नाही हे निसर्गाचे बंधन म्हणता येईल. पण पॅनेल बदलणे परवडत नाही हे निसर्गाचे बंधन नव्हे. २६,००० रुपयांच्या नव्या टीव्हीत पॅनेल तर असतेच. शिवाय दोन बोर्ड, दिव्यांच्या पट्ट्या, ध्वनिवर्धक, बाहेरची पेटी, रिमोट, खोके, वाहतूक, दुकानदाराचा नफा आणि वर्षभराची हमी हे सारे असते. सुट्या पॅनेलची किंमत मजुरीसह २२,४०० रुपये असेल, तर ह्या बाकीच्या सर्व गोष्टी ३,६०० रुपयांत आल्या असे मानावे लागेल. ते कोणालाही पटणार नाही. एवंच, सुट्या भागाची किंमत त्या भागाच्या मोलावरून ठरत नाही. ती त्या भागाची विक्री करण्याच्या इच्छेवरून ठरते. दर वर्षी नमुने बदलणे, एका नमुन्याचे पॅनेल दुसऱ्यास न चालणे, भागांचा साठा थोडा ठेवणे, तो दूरच्या गोदामातून एकेक करून पाठविणे, ह्यांतील प्रत्येक गोष्टीला व्यापारी कारण आहे. त्यांतील एकही कारण दुष्टपणाचे असेलच असे नाही. परंतु त्या सर्वांची बेरीज होऊन जो निकाल लागतो, तो टीव्हीच्या मालकाने दिलेला नसतो. मालकाच्या हाती येते ती केवळ शेवटची वजाबाकी.

आम्ही ज्या सरकारी कचेरीत काम करतो, तेथेही वस्तू निकामी होतात. त्यांच्यासाठी सामान्य वित्तीय नियम, २०१७ मध्ये नियम २१७ आहे. एखादी वस्तू अतिरिक्त, कालबाह्य अथवा निरुपयोगी ठरवावयाची झाल्यास ती खरेदी करण्याचा अधिकार ज्या अधिकाऱ्यास आहे, त्याने तसे ठरविण्याची कारणे लेखी नमूद केली पाहिजेत. आणि एखाद्या सरकारी नोकराच्या हयगयीमुळे, लबाडीमुळे किंवा खोडसाळपणामुळे वस्तू निरुपयोगी झाली असेल, तर त्याची जबाबदारी निश्चित केली पाहिजे. सरकारी दप्तरदिरंगाईची थट्टा सर्वजण करतात आणि तीत तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. परंतु ह्या रूक्ष नियमात एक मोठा नैतिक विचार दडलेला आहे. तो असा की, वस्तूचा मृत्यू ही निर्नाम घटना असू शकत नाही. कोणी तरी तो जाहीर करतो, त्याने सही केली पाहिजे आणि सहीच्या वर कारण लिहिले पाहिजे. मोडक्या खुर्चीलाही जो न्याय मिळतो, तो घरातल्या टीव्हीला मिळत नाही. तेथे कारण लिहिणारा नाही आणि जबाबदारी निश्चित करणाराही नाही. सही मात्र आपलीच असते, आणि तीही नव्या टीव्हीच्या हप्त्याच्या कागदावर.

‘मिलिंदप्रश्न’ ह्या पाली ग्रंथात नागसेन भिक्षू राजा मिलिंदास विचारतो की, तू ज्या रथातून आलास तो रथ म्हणजे नेमके काय? चाक म्हणजे रथ काय? आस म्हणजे रथ काय? राजा प्रत्येक वेळी ‘नाही’ म्हणतो, आणि अखेर रथ हे ह्या सर्व भागांच्या जुळणीला दिलेले केवळ नाव आहे असे निष्पन्न होते. नागसेनाचा हेतू आत्म्यासंबंधी बोलण्याचा होता. आमचा हेतू फार ऐहिक आहे. ज्या वस्तूचा कोणताही एक भाग म्हणजे ती वस्तू नव्हे, तीच वस्तू दुरुस्त होऊ शकते. चाक मोडले तर चाक बदलावे. रथ चालू राहतो. आज टीव्हीच्या बाबतीत तोच प्रश्न विचारला, तर सेवाकेंद्राचे उत्तर ‘होय’ असे येईल : पॅनेल म्हणजेच टीव्ही. एक भाग संपूर्ण वस्तूएवढा महाग झाला की बाकीचे सर्व भाग, ते धडधाकट असले तरी, त्याच्याबरोबर सती जातात. आमच्या टीव्हीचे दोन्ही बोर्ड, दिवे आणि ध्वनिवर्धक उत्तम स्थितीत होते. त्यांच्या मरणाचे कारण त्यांच्यात नव्हते.

दुरुस्तीचे दायित्व घडविणाऱ्यावर असावे, ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. जुन्या गावगाड्यात सुतार-लोहारांना प्रत्येक दुरुस्तीचा वेगळा दाम मिळत नसे. पिकातून वर्षाचे बलुते मिळे आणि त्या मोबदल्यात कुणब्याची औते वर्षभर चालू ठेवणे हे त्यांचे काम असे. त्या व्यवस्थेचा गौरव करण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. जन्माने बांधलेले काम आणि त्यातून आलेली मानहानी ह्यांचा इतिहास आपल्याला ठाऊक आहे, आणि ती व्यवस्था गेली हे बरेच झाले. तथापि तिच्यातील हिशेबाची एक बाजू विचार करण्याजोगी आहे. नांगर वरचेवर मोडला तर सुताराला अधिक काही मिळत नसे. कष्ट मात्र वाढत. म्हणजे नांगर टिकण्यात कुणब्याचे आणि सुताराचे हित एकच होते. आज ते हित दुभंगले आहे. वस्तू मोडली तर तिच्या मालकाची हानी होते, आणि घडविणाऱ्याला नवे गिऱ्हाईक मिळते.

हितसंबंध असे दुभंगले म्हणजे मोह कोठपर्यंत जातो, ह्याचे एक उदाहरण इतिहासात नमूद आहे. १९२४ साली जगातील प्रमुख दिवे-उत्पादकांनी ‘फीबस’ ह्या नावाने संघ स्थापन केला, दिव्याचे आयुष्य १,००० तासांवर आणण्याचे ठरविले, आणि ज्यांचे दिवे अधिक टिकत त्यांना दंड आकारला. टीव्हीच्या उत्पादकांनी असा काही करार केला आहे असा आमचा आरोप नाही. आमचे म्हणणे इतकेच की, ज्याचे हित वस्तूच्या मरणात आहे, त्याच्याच हाती तिच्या मरणाचा दाखला देण्याचा अधिकार असणे हे न्यायाला धरून नाही.

येथे एक आक्षेप संभवतो. टीव्ही ही अखेर निर्जीव वस्तू. तिच्याविषयी कर्तव्य कसले? पैसा आपला, मोडले तर टाकू, नवे घेऊ. ह्यात नीतीचा प्रश्न येतोच कोठे? ह्या आक्षेपास उत्तर असे की, वस्तूविषयीचे कर्तव्य हे वस्तूमागील माणसांविषयीचे कर्तव्य असते. खंडेनवमीला आपण हत्यारांची पूजा करतो ती लोखंडाला भावना असतात म्हणून नव्हे. वस्तूच्या मागे जसे ती घडविणारे असतात, तसे तिच्या पुढे ती फोडणारेही असतात. दिल्लीत ते पाहावयास दूर जावे लागत नाही. यमुनेपलीकडील सीलमपूरच्या गल्ल्यांतून टाकून दिलेली विद्युत-उपकरणे फोडली जातात. तारा जाळून तांबे काढले जाते आणि तो धूर तेथेच राहणाऱ्या माणसांच्या छातीत जातो. जुन्या नळीच्या टीव्हीच्या काचेत शिसे होते. एलईडी येण्यापूर्वीच्या सपाट पडद्यांमागील नळ्यांत पारा होता. ई-कचऱ्याविषयीचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले, आणि त्यांनी ह्या कचऱ्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली, हे योग्यच झाले. परंतु कचऱ्याचे काय करावे हा प्रश्न दुसरा. जे अद्याप कचरा नाही त्याला कचरा का म्हणावे, हा पहिला.

दुसरी हानी होते ती कौशल्याची. आमच्या लहानपणी, म्हणजे गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात, टीव्ही बिघडला की गल्लीतला मेकॅनिक येई. मागचे झाकण उघडून, नाकाशी चष्मा आणून तो आत पाही, आणि घरातील मुले त्याच्या खांद्यावरून पाहत. त्याच्याही आधीच्या अनेक रेडिओंच्या पेटीत मंडलाची आकृती आतून चिकटविलेली असे; घडविणाऱ्याने दुरुस्त करणाऱ्यास लिहिलेले ते जणू पत्रच होते. आज तो पत्रव्यवहार बंद पडला आहे. सेवाकेंद्राचा तंत्रज्ञ दोष शोधू शकतो. पण त्याला सोल्डरिंगचे हत्यार हाती घेण्याची मुभा नाही. त्याचे काम निदान करून दरपत्रक देण्याचे. आमच्या वसाहतीबाहेर लहानसे दुकान असलेल्या वृद्ध मेकॅनिकला आम्ही टीव्ही दाखविला. त्याने सरळ सांगितले की, फितीचा जोड यंत्रावर पुन्हा बसविणारे लोक दिल्लीत आहेत, तीन-चार हजारांत ते करून देतीलही. पण ते महिनाभर टिकेल की दोन वर्षे, ह्याची हमी कोणी देणार नाही, आणि उचलताना काच फुटली तर ती आपली. ह्या माणसाला ज्ञान आहे, सचोटी आहे. नाही ते एवढेच की योग्य भाग, आकृती आणि अधिकृतपणा. एका बाजूस भाग आहेत पण हात बांधलेले. दुसऱ्या बाजूस हात मोकळे पण भाग नाहीत.

अखेर बाराव्या दिवशी आम्ही नवा टीव्ही घेतला. एका वृद्ध स्त्रीच्या दुपारी आपल्या तत्त्वासाठी गहाण टाकण्याचा आम्हाला अधिकार नव्हता, आणि त्या परिस्थितीत तेच करणे योग्य होते असे आम्ही आजही म्हणू. जुना टीव्ही त्या मेकॅनिकला दिला. त्यातील वीजपुरवठ्याचा बोर्ड दुसऱ्या कोणाच्या तरी टीव्हीत बसून चालू आहे, असे त्याने पुढे सांगितले. येथेच प्रश्नाचे खरे स्वरूप स्पष्ट होते. काटकसर, अपरिग्रह, वस्तूंची निगा हे वैयक्तिक सद्गुण आहेत आणि त्यांचे महत्त्व आम्ही मानतो. पडद्याचा प्रकाश सदैव कमाल न ठेवल्यास मागील दिवे अधिक टिकतात. टीव्ही भिंतीशी अगदी चिकटवून बंद कोनाड्यात न ठेवल्यास त्यात उष्णता साठत नाही. एवढे मालकाने केलेच पाहिजे. परंतु जेव्हा सदाचारी मनुष्यालाही अखेर तेच करावे लागते जे बेफिकीर मनुष्य सहज करतो, तेव्हा नीतीचा प्रश्न व्यक्तीच्या हातून निसटून व्यवस्थेकडे गेला आहे असे समजावे. त्या ठिकाणी व्यक्तीला उपदेश करणे हे निर्णय करणाऱ्याला पाठीशी घालण्यासारखे आहे.

काही देशांनी ही गोष्ट ओळखली आहे. फ्रान्सने १ जानेवारी २०२१ पासून टीव्हीसह काही वस्तूंवर त्या किती दुरुस्त करता येतात ह्याचे दहांपैकी गुण छापणे सक्तीचे केले, आणि ते गुण देताना सुट्या भागाची किंमत नव्या वस्तूच्या मानाने किती, हेही मोजले. २०२५ मध्ये टीव्हीसाठी त्याची जागा टिकाऊपणाच्या निर्देशांकाने घेतली. युरोपीय संघाने १ मार्च २०२१ पासून पडद्यांचे काही सुटे भाग किमान ७ वर्षे उपलब्ध ठेवण्याचा नियम केला. मात्र त्या यादीत वीजपुरवठा, जोडण्या, मोठे कपॅसिटर असे भाग आहेत, पॅनेल नाही. म्हणजे जेथे निर्णयाची खरी किल्ली आहे, तेथे कायद्याचा हात अजून पोचलेला नाही. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये ह्या प्रश्नावर समिती नेमली, २४ डिसेंबर २०२२ रोजी दुरुस्तीच्या हक्काचे संकेतस्थळ सुरू केले, आणि मे २०२५ मध्ये मोबाईल फोन व उपकरणांसाठी दुरुस्तीयोग्यतेच्या निर्देशांकाची चौकट सुचविणारा अहवाल आला. ह्या वाटेने जाणे इष्ट आहे. परंतु निर्देशांक माहिती देईल. हक्क देणार नाही.

आमच्या मते ह्या सर्व विवेचनाचे सार असे आहे. स्वामित्व म्हणजे केवळ उपभोगाचा अधिकार नव्हे; वस्तू राखण्याचे कर्तव्यही त्यात अंतर्भूत आहे. आणि कर्तव्य त्यालाच सांगता येते, ज्याच्या हाती ते पार पाडण्याचे साधन आहे. ज्याने वस्तू घडविली, त्याने ती राखण्याचे साधन, म्हणजे भाग, आकृती आणि वाजवी किंमत, विकत घेणाऱ्याला नाकारले, तर त्याने वस्तू विकली असे म्हणता येणार नाही. ती काही वर्षांच्या भाड्याने दिली, आणि भाड्याची मुदत मात्र लपवून ठेवली, असे म्हणावे लागेल. भाड्याने द्यावयाचे असेल तर तसे उघड सांगावे. त्यात अन्याय नाही. विक्री म्हणून सांगावे आणि भाडे म्हणून वागवावे, ह्यात मात्र असत्य आहे.

तोपर्यंत गिऱ्हाइकाला निदान विचारता येईल. ह्या नमुन्याचे पॅनेल आज सुटे किती रुपयांस मिळते? किती वर्षे मिळत राहील? बाहेरच्या मेकॅनिकला ते विकत मिळेल काय? हे तीन प्रश्न आम्ही नव्या टीव्हीच्या वेळी चार दुकानांत विचारले आणि चारही ठिकाणी उत्तर मिळाले नाही. एका दुकानदाराने मात्र वरून विचारून सांगतो म्हणून प्रश्न लिहून घेतले. उत्तर अजून आलेले नाही. परंतु प्रश्न कागदावर चढला आहे, आणि त्याखाली उत्तर देणाऱ्याच्या सहीची जागा रिकामी आहे, एवढे तरी आता दिसू लागले आहे.